चाळणीची डावी बाजू

डिचोलीच्या पुढे एका खाणीच्या प्लांटवर मी कामाला लागले तेव्हा तिथे नोकरीवर असलेली बाई मी एकटीच होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेल्या मुलीला यंत्रावर घ्यायचं की नाही, याचा साहेबांकडून निर्णय होईना. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. सुट्या भागांच्या कोठारात जनेलाजवळ मला एक मेज दिलं आणि म्हणाले, "सध्या खरेदीचं बघा." यंत्रं मला त्या जनेलातून दिसायची. दिसायची म्हणजे काय, लाल धुळीच्या पडद्यामागे त्यांची हालचाल कळायची.

मी धारगळची. हमरस्त्याच्या कडेला बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाकाच्या आसातल्या गोळ्या रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यावर वाळत घालून, त्यांतल्या खरबडलेल्या निवडून बाजूला काढणं हे माझं लहानपणचं काम. गोळी दोन बोटांत धरून फिरवायची आणि नखाला लागते का बघायचं. बाबा म्हणायचे, "डोळ्यांपेक्षा नखाला जास्त कळतं." त्यामुळे बेअरिंग या वस्तूची मला कधी भीती वाटली नाही. प्लांटवरची बेअरिंगं नुसती आकाराने मोठी, माझ्या मांडीत मावणार नाहीत एवढी.

आमच्या प्लांटचा सगळा डोलारा एका थरथरत्या चाळणीवर उभा होता. सगळे तिला स्क्रीन म्हणत. खाणीतलं खनिज पट्ट्यावरून येऊन तिच्यावर पडे. ती हादरून बारीक माल खाली सोडी आणि ढेकळं पुढे ढकली. हे हादरणं येतं तिच्या पोटातून गेलेल्या एका दांड्यामुळे. तो दांडा मुद्दाम एका अंगाला जड केलेला असतो, म्हणून फिरायला लागला की सगळा सांगाडा गदागदा हलतो. त्या दांड्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं. दुसऱ्या यंत्रांत बेअरिंगाला निदान स्वस्थ बसून फिरायला मिळतं. इथे त्याला जन्मभर दणके खातच फिरावं लागतं.

त्या मोसमात चाळणीच्या डाव्या बाजूचं बेअरिंग पुन्हा पुन्हा जायला लागलं. नवं घातलं की काही दिवस बरं चाले, मग एकाएकी गरम होऊन अडके. चाळण थांबली की पट्टे थांबत, ट्रक थांबत, नदीवर बार्जी रिकाम्या उभ्या राहत, आणि तिकडे मुरगावला जहाज माल कधी येतो म्हणून वाट बघे.

गेलेलं बेअरिंग प्रत्येक वेळी फोरमन स्वतः गोणपाटात गुंडाळून माझ्या मेजावर आणून ठेवत. ते बांद्याजवळच्या एका गावचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडसडीत, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, ही त्यांची रीत. सगळा प्लांट त्यांच्या कानावर विसंबून असे. मी त्यांना काका म्हणे, ते मला बाय म्हणत.

"ही बघ, बाय. परत गेली."

मग आम्ही दोघं ते वर्तमानपत्रावर सोडवत बसायचो. ग्रीस जळून काळं झालेलं, वास करपलेल्या तेलाचा. आत फिरणाऱ्या पोलादी रोळ्यांवर निळसर झाक, तव्याला फार धग लागल्यावर येते तशी. आणि रोळे एकमेकांपासून अलग ठेवणारा पत्र्याचा पिंजरा तुटून त्याचे तुकडे ग्रीसमध्ये रुतलेले. साहेबांनी आधी ग्रीसवर ठपका ठेवला. ग्रीस बदललं. मग घालणाऱ्याच्या हातावर ठेवला. काकांनी पुढचं बेअरिंग स्वतःच्या हातांनी बसवलं. तेही गेलं.

मला एक गोष्ट खात होती. उजवी बाजू का जात नाही? दांडा एकच, हादरे तेच, ग्रीस तेच. मी साहेबांकडे जाऊन म्हटलं, मला एकदा वर जाऊन बघू द्या. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि खुंटीवरचं हेल्मेट काढून दिलं. ते मला एवढं सैल होतं की मी एका हाताने धरूनच जिना चढले.

वर आवाज असा की छातीच्या फासळ्या थरथरतात. तरी मी नीट उभी राहिले आणि मला त्या गडगडाटाच्या वरून एक बारीक शीळ ऐकू आली. अगदी बारीक, चहाचं भांडं उकळी यायच्या आधी चुरचुरतं तशी. डाव्या बाजूला सरकले की वाढे, उजवीकडे गेलं की कमी होई. मी काकांना खुणेने बोलावलं. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. मग मान हलवली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "बरोबर चालता हा!"

दुपारच्या जेवणानंतर डावी बाजू अडकली.

यंत्र थंड झाल्यावर काकांनी तिचं झाकण खोलायला घेतलं. मी म्हटलं, उजवीचंही झाकण काढू या. उजवीकडे चाळण आली तेव्हापासूनचं जुनं बेअरिंग होतं. फडक्याने पुसलं तर त्याचा पिंजरा पितळेचा निघाला, जाड, कोरून काढलेला. डावीकडच्याचा पत्र्याचा. दोन्हींच्या कडेवर नंबर एकच कोरलेला होता, पण जुन्याच्या नंबरापुढे आणखी काही अक्षरं होती, नव्याच्या पुढे नव्हती. मी पोलादी पात्यांचं जुडगं मागवलं. फट मोजायची पाती ती, एकापेक्षा एक बारीक. जुन्याच्या रोळ्यावरच्या फटीत जाडसर पातं आरामात शिरलं. मग कोठारातलं कोरं बेअरिंग आणून बघितलं, तर त्यात सगळ्यांत बारीक पातंही मुश्किलीने गेलं.

मग सगळं उलगडलं. हादऱ्याच्या यंत्रात बेअरिंग तापतं, आणि तापलं की आतून फुगतं. फुगायला आत जागा ठेवलेली असेल तर ते तगतं. नसेल तर स्वतःच्याच अंगात आवळून जळतं. पुढची ती अक्षरं त्या जागेची आणि पितळी पिंजऱ्याची खूण होती. बाजारातून येत होतं ते बेअरिंग खोटं नव्हतं. एखाद्या शांत पंपात ते वर्षानुवर्षं चाललं असतं. फक्त ते या घरचं नव्हतं.

काका ऐकत होते, मान डोलावत होते. खूश होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. सगळे पांगले तेव्हा मी त्यांना पट्ट्याखालच्या सावलीत गाठलं.

"काका, सकाळी ती शीळ तुम्हांला ऐकू नाही आली?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नेहमीच माझ्या ओठांकडे बघत. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, पोरीच्या बोलण्याचं कौतुक आहे.

ते खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गेल्या पावसात मी बायलेक म्हटलंय, औंदा रातकिडे खंय गेले? ती माझ्याकडे बघीतच रवली. म्हणाली, अवो, कान किटले माझे रातकिड्यांनी." ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तेव्हा माका कळला. जाड आवाज येता. बारीक गेलो. बेरिंगेचो पयलो आवाज बारीकच असता गो."

मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं त्या गडगडाटात कान लावून त्यांनी प्लांट सांभाळला होता, आणि त्या गडगडाटानेच त्यांचे कान नेले होते.

"सायबाक मीच सांगतलंय," ते म्हणाले. "पण आधी ह्या मशीन सुधारूंदे. नायतर म्हणतले, फोरमन बहिरो, म्हणान बेरिंगां जातत."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तोवर तुमच्याबरोबर ऐकायला मी येत जाईन." साहेबांची परवानगी मी दुसऱ्याच दिवशी काढली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं की बेअरिंगाची खरेदी करायची तर त्याची तब्येत बघावी लागते. ते खोटंही नव्हतं.

आता प्रश्न होता खरं बेअरिंग आणायचं कुठून. अस्सल माल परदेशातून येणार, त्याला परवाने, आणि परवान्याला महिने. मुंबईहून काही मागवावं तर तेव्हा गोव्यात भाषेचं आंदोलन पेटलेलं. कुठे रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, कुठे बसगाड्या बंद. आमच्या कॅन्टीनमध्येसुद्धा मराठीवाल्यांचं मेज वेगळं आणि कोकणीवाल्यांचं वेगळं झालं होतं. काल एकाच ताटात मासळी वाटून खाणारे एकमेकांकडे पाठ करून जेवत होते. एकदा वाद फार चढला तेव्हा कुणीतरी काकांना मध्ये ओढलं. "तुम्ही सांगा, फोरमन. तुम्ही कोणत्या बाजूचे?" प्रश्न दोनदा विचारावा लागला. काकांनी भाताचा घास शांतपणे गिळला.

"माका नको विचारू. माका दोनीय भाषा सारख्योच ऐकाक येणत नाय."

दोन्ही मेजं हसली. त्यांना ती थट्टा वाटली. मी मात्र ताटावरून उठून हात धुवायला गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

बेळगावात यंत्रांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे बघू या, असं ठरलं. खाली दक्षिणेकडचे रस्ते धड नव्हते, पण बांद्यावरून सावंतवाडी, आंबोली करत वर चढणारी वाट मोकळी होती. एकट्या मुलीला परराज्यात पाठवायचं म्हणजे घरच्यांना विचारायला हवं, असं काकांना वाटलं. रविवारी ते धोतर-सदरा घालून धारगळला आमच्या घरी आले. आईने चहा आणि पोदेराकडचे ताजे उंडे पाव पुढे ठेवले. बाबा हळू बोलणारे. त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "मुलीचा मुक्काम कुठे असेल?"

काका म्हणाले, "ग्रीस आम्ही बदलून बघितला. त्याचो काय उपयोग झालो नाय."

बाबांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी हळूच कानाला हात लावला. बाबा उठले, आपली खुर्ची काकांच्या अगदी समोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि तोंड वर करून तोच प्रश्न सावकाश विचारला. काकांना ते उमगलं. आपल्यासाठी खुर्ची हलवली गेली, हेही उमगलं. त्यांनी सांगितलं की त्यांची बायको बरोबर येणार आहे आणि बेळगावात मेहुणीकडे उतरायचं आहे. निघताना बाबा म्हणाले, "तिला न्या. पण नुसती पिशवी धरायला नेऊ नका. तिला काम करू द्या."

बांद्याच्या स्टँडवर काकू आमची वाट बघत होत्या. हातात डबा, डोक्यात अबोलीचा वळेसर. जितके काका कमी बोलत तितक्या त्या जास्त बोलत. आंबोलीच्या वळणांवर मला मळमळायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर आमसुलाचा तुकडा ठेवला आणि गोष्टी सुरू केल्या. काका खिडकीशी बसले होते. काकूंचा हात सगळा वेळ त्यांच्या मनगटावर होता. काही दाखवायचं झालं की त्या मनगट दाबत, ते वळून बघत, मग त्या बोलत. दोघांनी हे कधी ठरवलं असेल असं वाटेना. ते आपोआप जमलेलं होतं.

"लोकांका वाटता ह्येंका राग इलो म्हणान बोलणत नाय," काकू मला म्हणाल्या. "राग खंयचो! ऐकाकच येणा नाय. घरात मी एकटीच बडबडतंय. पण ते बघतत हां माझ्या तोंडाकडे. लग्न झाला तेव्हा इतक्या बघी नाय होते."

बेळगावच्या त्या गल्लीत आम्ही दुकानामागून दुकान पालथं घातलं. प्रत्येक जण नंबर बघून तेच बेअरिंग पुढे करी आणि म्हणे, हेच ते. मी पातं घालून बघे, पिंजरा बघे आणि परत देई. एक दुकानदार चिडला. एकाने काकांना विचारलं, ही मुलगी कोण? काका म्हणाले, "ही आमची खरेदी." शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुन्या बेअरिंगचा नंबर उतरवून आणलेला माझा कागद हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला, नंबरापुढच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ही जोडी मी आणवून दिलीय की. फाउंड्रीत दिलीय एका. त्यांच्याकडे हलणारं मशीन आहे, साचे फोडायचं. तिकडे बघा."

फाउंड्री गावाबाहेर होती. मालक चाळिशीचा गृहस्थ, हाताच्या कोपरापर्यंत काळी वाळू. आमचं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"जोडी आहे हो ताई, कपाटात आहे. पण माझंच मशीन आजारी पडलंय की. दोन दिवस झाले, ठोके देतंय. बेअरिंगच गेलंय म्हणून उद्या तीच घालणार. तुम्हांला कुठून देऊ सांगा?"

त्याचं खरं होतं. मी परत फिरायच्या तयारीला लागले. काकूंनी काकांचं मनगट दाबून त्यांना सगळं सांगितलं. काका मालकाकडे वळले.

"एकदा चालू करून दाखवशात?"

त्याने चालू केलं. साचे फोडणारी ती जाळी थडथडायला लागली आणि तिच्यात खरोखरच एक ठोका होता, बेताल, लंगडल्यासारखा. काकांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. मालक, कामगार, सगळे बघत उभे. काका क्षणभर थांबले. मग त्यांनी मालकाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "माका कानांनी बारीक ऐकाक येणा नाय. ही पोर कानान ऐकतली, मी दातान."

त्यांनी हे आजवर आपण होऊन कुणालाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं ते एका परक्या गावात, परक्या माणसाला, आणि यंत्राच्या गोंगाटावरून ओरडून. काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

मग काका वाकले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला, म्हणजे ते ज्यात बसतं त्या लोखंडी कवचाला लावलं आणि मूठ दातांत धरली. हाडांतून आवाज चढतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कान गेल्यावर त्यांनीच करून बघितलं होतं. एक कामगार हसला, मग गप्प झाला. त्यांचं झाल्यावर मी कान लावला. आत एकसारखा, गुबगुबीत घुमारा होता. शीळ नाही, खरखर नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मी काकांकडे बघून मान हलवली आणि त्यांनीही त्याच क्षणी हलवली.

"बेअरिंगं ठणठणीत आहेत," मी मालकाला म्हटलं.

"मग ठोके कसले?"

काका तेव्हा यंत्राच्या चारी कोपऱ्यांना तळहात लावत फिरत होते. मागच्या एका कोपऱ्याशी थबकले, हात तसाच ठेवला आणि यंत्र बंद करायची खूण केली. तिथे खालच्या स्प्रिंगवर काळ्या वाळूचा ढीग साचला होता. मी वाळू ब्रशने झाडली. स्प्रिंगच्या वेटोळ्याला आरपार चीर गेली होती. त्या एका कोपऱ्यावर यंत्र बसून आपटत होतं, एवढंच.

मालकाने स्प्रिंग बदलून घेतली तोवर दुपार टळली. त्यांच्या घरून आमच्यासाठी भाकरी, उसळ आणि ताक आलं. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा ठोका गेला होता. मालक ऐकत उभा राहिला. मग कपाटाकडे गेला आणि तेलकट कागदात बांधलेली जोडी आणून काकांच्या हातांत ठेवली, माझ्या नाही, याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. काकांनी गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"तुमची आली परदेशातून की माझी मला द्या. घाई नाही," मालक म्हणाला. आणि मग काकांच्या समोर येऊन, आवाज न चढवता, ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "परत या हं. नुसतं बघायला या." काकांना ते पहिल्या खेपेला कळलं.

परतताना मी म्हटलं, काका, इथे कानांचे डॉक्टर आहेत, दाखवून जाऊ या. ते नको म्हणाले. काकू भांडल्या. ते खिडकीबाहेर बघू लागले, म्हणजे भांडण संपलं. मी विषय सोडला.

प्लांटवर ते बेअरिंग बसवलं तेव्हा मी त्यांच्या बरोबरीने हात लावला. त्याच्या बाहेरच्या घराला हलकी धग दिली, बेअरिंग सरळ धरून आत सरकवलं, पुन्हा पातं घालून फट बघितली. चाळण सुरू झाली. मी कान लावून उभी, काका दात लावून. संध्याकाळपर्यंत तासातासाने घराला तळहात लावून बघत होतो. कोमट झालं, त्यावर गेलं नाही. तो आठवडा सरला, मग महिना सरला. डावी बाजू जी चालू लागली ती पावसाळ्यात प्लांट बंद होईपर्यंत थांबली नाही. त्याच सुमाराला गोवा घटक राज्य झाला, भाषेचाही काहीतरी तोडगा निघालेला होता, आणि कॅन्टीनमधली मेजं कुणी न सांगता हळूहळू पुन्हा जवळ सरकली.

पण त्याआधीच, बेअरिंग बसवल्यावर थोड्या दिवसांनी, काका सकाळी माझ्या मेजापाशी आले. "चल," म्हणाले. "सायबाकडे जाऊया." मी म्हटलं, आजच? ते म्हणाले, "मशीन बरी झाली. आता माझा काम."

साहेबांसमोर ते उभे राहिले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. साहेब कडक माणूस. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला.

"कधीपासून?"

"गेल्या पावसापासून."

"आणि तरी रोज वर चढत राहिलात?"

"चढलंय."

साहेब उठून खिडकीशी गेले, तिथून काहीतरी बोलले. मग त्यांच्या लक्षात आलं की पाठमोरं बोललेलं काकांना कळलं नसणार. ते परत आले, खुर्ची फिरवून समोर बसले आणि पुन्हा बोलले. म्हणाले, "चूक आमचीही आहे. एवढ्या आवाजात माणसं उभी करतो, कानांना काही देत नाही."

त्यानंतर मला कोठारातून काढून प्लांटवर घेतलं. यंत्रं ऐकणं माझ्याकडे आलं. उघडणं, तपासणं, बसवणं काकांकडे राहिलं. आमच्यात वरचं-खालचं कधी ठरलं नाही. सगळ्यांसाठी कान झाकायची साधनं आली. माणसं ती घालायला तयार होईनात, गळ्यात अडकवून फिरत. काका रोज सकाळी जिन्याखाली उभे राहत आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवर ती आपल्या हातांनी चढवत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "घरात बायल काय म्हणता ता ऐकाक नको तुका?" पोरं हसत आणि घालत. माझ्याही कानांवर ते चढवत आणि ऐकायची वेळ आली की स्वतःच काढून घेत.

बेळगावच्या डॉक्टरकडे ते शेवटी गेले, काकूंनी दोन दिवस अन्न टाकल्यावर. कानात बसवायचं यंत्र मिळालं. प्लांटवर ते निरुपयोगी होतं, सगळा गडगडाट दुप्पट करी. घरी मात्र घालत. काकू मला म्हणाल्या, "आता माका सांभाळून बोलूचा लागता."

पुढे काही मोसमांनी काका निवृत्त झाले. मी नोकरीत राहिले. माझं लग्न झालं, मुलं झाली. मी बसवलेली आणि काढलेली बेअरिंगं मोजत बसले नाही. फाउंड्रीची जोडी आम्ही परत केली आणि त्या मालकाशी आमचा घरोबा जडला. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो, बाबासुद्धा.

काकांना मी शेवटची भेटले तेव्हा ते खूप थकले होते. काकू वर्षापूर्वी गेल्या होत्या. अंगणात त्यांनी काजूचं नवं कलम लावलं होतं. ते दाखवलं, त्याला पाणी कसं घालतो ते दाखवलं, पानांवर पडलेली कीड काढून दाखवली. कानातलं यंत्र त्यांनी घातलेलं नव्हतं. मी विचारलं नाही. मीच त्यांच्यासमोर बसले, सावकाश बोलले, आणि आमचं सगळं बोलणं झालं. प्लांटवर कोण आहे, कोण गेलं, माझा मुलगा काय शिकतो. मध्येच ते म्हणाले, "बाय, ही गेल्यापासून मनगट उगाच हलका वाटता."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तसे बसलो. मग मी निघाले तेव्हा, नको म्हटलं तरी, ते काठी घेऊन रस्त्यापर्यंत आले आणि बस दिसेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.